उसना दिलेला प्लग
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लिखित मजकूर)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, आणि दुपारचे मोदक अंगावर आलेले असतानाही जागे राहून ऐकायला बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,



आपल्या कार्यवाहांचा महिन्यापूर्वी फोन आला. "काका, यंदा एक व्याख्यान तुमचं." मी म्हटले, "अहो, मी जन्मभर बँकेत काढला. व्याजदरावर बोललो तर लोक आरतीआधीच उठतील." ते म्हणाले, "बँकेवर नको. तुमच्या शोकेसमध्ये तो प्लग आहे ना, त्याच्यावर बोला."

तर हा तो प्लग. मुद्दाम खिशातून घेऊन आलो आहे. मागच्या रांगेत दिसणार नाही, म्हणून सांगतो. बोटभर लांबीचा, वर पोलादी कवच, आत पांढरी चिनी माती. ती एका बाजूला तडकली आहे. हा विमानाच्या इंजिनातला स्पार्क प्लग आहे. डाकोटा विमानाचा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, विमानांचे फिटर होते. आमच्या घरी खंडेनवमीला पाने, पक्कड यांच्याबरोबर या प्लगलाही हळदकुंकू वाहिले जायचे. आजही वाहिले जाते.

आज आपले काही कन्नड आणि तमिळ स्नेहीही आले आहेत. त्यांच्यासाठी मी जरा सावकाश बोलणार आहे. तसेही या वयात भरभर बोलता येत नाही.

आपल्यापैकी निम्मी मंडळी ओल्ड एअरपोर्ट रोडच्या आसपास राहतात. तिथला जुना विमानतळ प्रवासी वाहतुकीला मे 2008 मध्ये बंद झाला आणि आपण सगळे देवनहळ्ळीच्या वाऱ्या करू लागलो. पण त्या रस्त्याचा आणि आपला संबंध त्याहून जुना आहे. डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना स्थापन झाला, तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने. म्हैसूर संस्थानाने आणि दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्यांना साथ दिली. पुढे 1942 मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. आजचे एचएएल ते हेच. त्या पहिल्या काळात सोलापूरहून जी पोरे नोकरीसाठी इथे आली, त्यांत एकोणीस वर्षांचे अण्णा होते. म्हणजे या गावात आमच्या घराण्याचे पहिले पाऊल पडले ते विमानामुळे. मात्र ते स्वतः आले रेल्वेने, तिसऱ्या वर्गाने.

आता विषयाकडे वळतो. आपल्या देशात प्रवासी विमाने सुरू कशी झाली, ती पहिली माणसे कोण होती, त्यांची विमाने कशी होती, हे थोडक्यात सांगतो. मग प्लगकडे येतो.

विमानाने टपाल नेण्याचा मान आपल्या देशाकडे फार लवकर आला. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादला प्रदर्शन भरले होते. तिथून आंरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे यमुनेपलीकडे नैनीला नेली. अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेर. जगातले हे पहिले अधिकृत विमानटपाल. कौतुक झाले, आणि नंतर वीस वर्षे आपण टपाल पुन्हा रेल्वेने पाठवत राहिलो.

1929 मध्ये ब्रिटिशांच्या इम्पीरियल एअरवेजची सेवा लंडनहून कराचीपर्यंत आली. म्हणजे विलायतेचे पत्र विमानाने कराचीत यायचे आणि तिथून पुढे मुंबई-मद्रासला जायला रेल्वेत बसायचे. हजारो मैल उडत आलेले पत्र शेवटचा टप्पा रांगत जायचे. हा टप्पा जोडावा, असे दोन माणसांच्या मनात आले. एक नेव्हिल व्हिन्सेंट. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला हा वैमानिक भारतात गावोगावी विमान घेऊन फिरत लोकांना हवेत फेऱ्या मारून आणायचा. जत्रेतल्या पाळण्यासारखेच ते. दुसरे अर्थातच जे. आर. डी. टाटा. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता. इथल्या एअरो क्लबने दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता एक.

इथे मला 1930 सालची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण माझ्या भाषणाचे नाव तिच्यावरूनच दिले आहे. आगाखान यांनी बक्षीस लावले होते. इंग्लंड आणि भारत यांच्यातला प्रवास एकट्याने, ठरलेल्या मुदतीत विमानाने पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. तीन तरुण उतरले. मनमोहन सिंग आणि अ‍ॅस्पी इंजिनियर तिकडून इकडे निघाले, जेआरडी इकडून तिकडे. अ‍ॅस्पी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. तिघांचीही विमाने छोटी, एका इंजिनाची, उघडी. तोंडावर वारा, डोळ्यांना चष्मा, मांडीवर नकाशा.

वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर जेआरडी उतरले, तर तिथे अ‍ॅस्पी अडकून पडलेला. इंजिनाचे प्लग खराब झालेले, आणि जवळ जादा प्लग नाहीत. आता विचार करा. स्पर्धा चालू आहे. समोर प्रतिस्पर्धी उभा आहे, आणि त्याचे विमान बंद आहे. आपण काय केले असते? सहानुभूती दाखवली असती, चहा पाजला असता आणि निघालो असतो. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्याला दिले. त्या पोराने बदल्यात आपले समुद्रात तरंगण्याचे जाकीट त्यांच्या अंगावर चढवले. दोघे दोन दिशांना उडाले. काही तासांच्या फरकाने अ‍ॅस्पी जिंकला. हाच अ‍ॅस्पी इंजिनियर पुढे 1960 साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

अण्णांनी ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. इतर मुलांना झोपताना रामाची गोष्ट मिळायची, मला प्लगची.

एप्रिल 1932 मध्ये टाटांचा सरकारशी टपालाचा करार झाला. भांडवल दोन लाख रुपये. विमाने दोन, पस मॉथ जातीची. माणसे म्हणजे व्हिन्सेंट, होमी भरुचा नावाचे वैमानिक, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मेकॅनिक. उद्घाटन सप्टेंबरात ठरले होते, ते पावसाने महिनाभर पुढे गेले. 15 ऑक्टोबर 1932 ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपालाची पिशवी घेऊन एकटे निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरले. ते पेट्रोल आणले होते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. बैलगाडी आणि विमान एकमेकांशेजारी उभे, हे दृश्य मला फार आवडते. दुपारी दोनच्या आत जेआरडी जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे नेले. रात्रीचा मुक्काम बळ्ळारी आणि दुसऱ्या दिवशी मद्रास. आपण बंगळूरकर बळ्ळारीचे नाव लोखंडाच्या खाणींसाठी घेतो. देशातल्या पहिल्या नियमित हवाई मार्गांपैकी एकाचा मुक्काम तिथे होता, हेही ध्यानात ठेवायला हरकत नाही.

ही पस मॉथ म्हणजे काय चीज होती? एकशेवीस अश्वशक्तीचे एकच इंजिन. आजच्या चांगल्या मोटारीला याहून जास्त ताकद असते. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग. वर बंदिस्त केबिन, एवढीच काय ती चैन. रेडिओ नाही. दिशा पाहायची ती होकायंत्रावर, आणि खाली दिसणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर, नद्यांवर, समुद्राच्या काठावर. प्रवासी घेतलाच तर एक किंवा दोन, आणि त्यांनी टपालाच्या पिशव्यांतून उरेल त्या जागेत अंग चोरून बसायचे. जुहूचे मैदान समुद्राला लागून असलेले, चिखलाचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचे. मग अख्खी विमान कंपनी चार महिने पुण्याला येरवड्याला हलायची. मुंबईची मंडळी पावसाळ्यात पुण्याला जाऊन राहतात, ही जुनीच परंपरा म्हणायची!

पहिल्या वर्षाचा हिशेब मला बँकवाला म्हणून तोंडपाठ आहे. एक लाख साठ हजार मैल उड्डाण, 155 प्रवासी, आणि नफा साठ हजार रुपये. वर्षाला 155 प्रवासी! आज सकाळच्या मुंबईच्या एका विमानात त्याहून जास्त माणसे असतात, आणि त्यांतली निम्मी शेजारच्याला कोपर लागले म्हणून रागावलेली असतात.

मग हळूहळू पसारा वाढला. 1935 मध्ये मुंबई-गोवा-कण्णूर-त्रिवेंद्रम हा मार्ग सुरू झाला. दोन इंजिनांची ड्रॅगन रॅपिड विमाने आली, लाकडी सांगाड्याची, कापडाने मढवलेली. त्यांत सहा-आठ माणसे बसत. दोन इंजिने ही फार मोठी गोष्ट होती. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर कुठेतरी सुखरूप उतरण्याची आशा असे.

या पहिल्या माणसांचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. मनमोहन सिंग युद्धकाळात हवाई दलात गेले. मार्च 1942 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपान्यांनी हल्ला केला, त्यात ते गेले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नेव्हिल व्हिन्सेंट विमान कारखान्याच्या कामासाठी इंग्लंडला निघाले होते. त्यांचे विमान पोचलेच नाही. ज्याने या देशाच्या विमानसेवेचा पाया घातला, त्याला ती सेवा मोठी झालेली पाहायला मिळाली नाही.

युद्ध संपले आणि डाकोटा आले. आमच्या घराचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

डाकोटाचे मूळ नाव डीसी-3. पहिले उड्डाण 17 डिसेंबर 1935 रोजी, अमेरिकेत. युद्धात सैन्यासाठी अशी हजारो विमाने बांधली गेली. युद्ध संपल्यावर ती जादा ठरली आणि स्वस्तात विक्रीला निघाली. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आगेमागे ज्या ज्या विमान कंपन्या उभ्या राहिल्या, त्या बहुतेक या विमानांच्या जोरावर. पण लष्कराचे विमान ते. आत पत्र्याचे बाक, भिंतींना अस्तर नाही, मालासाठी मोठे दार. त्यात सोवळ्यातल्या आजीबाई कशा बसणार? मग ती विमाने बंगळूरच्या कारखान्यात आणून त्यांचा कायापालट केला जाई. बाक काढायचे, खुर्च्या बसवायच्या, अस्तर लावायचे, इंजिने उतरवून पुन्हा बांधायची. अण्णा या कामावर होते. ते म्हणत, "आम्ही शिपायाला नवरदेव करत होतो."

डाकोटा का टिकला? त्याला दोन दणकट इंजिने होती, प्रत्येकी बाराशे अश्वशक्तीची. तो शेपटीवर बसणारा, नाक वर करून उभा राहणारा, म्हणून खडबडीत, आखूड धावपट्टीवरही उतरायचा. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगर वाचवायला आपले सैनिक गेले ते डाकोटातूनच, आणि त्यांत हवाई दलाबरोबर नागरी कंपन्यांची विमानेही होती. पण प्रवाशाला आराम म्हणाल तर बेताचाच. आतल्या हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्यामुळे फार उंच जाता येत नसे. ढगांच्या वर जाता येत नाही, म्हणजे ढगांतूनच जायचे. एसटीने घाटातून गेल्यासारखा प्रवास. चढताना कानांत दडे बसू नयेत म्हणून गोळ्या चघळायला द्यायचे, आणि कानांत घालायला कापूस.

त्या काळातली एक बाई मला आठवल्याशिवाय राहत नाही. प्रेम माथुर. 1947 मध्ये त्यांनी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. एकामागून एक कंपन्यांनी बाई म्हणून नकार दिला. शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. आज आपल्या देशात वैमानिक स्त्रियांचे प्रमाण जगात वरच्या क्रमांकावर आहे. समोर बसलेल्या मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवावे.

आणि एक गोष्ट आपल्या सर्वांच्या, म्हणजे घरापासून दूर राहणाऱ्यांच्या जिव्हाळ्याची. जानेवारी 1949 च्या अखेरीस रात्रीची विमानटपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, या चारही शहरांतून रात्री एकेक डाकोटा निघे आणि चारही नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर मध्यरात्री येऊन मिळत. तिथे पिशव्यांची अदलाबदल होई, मद्रासची दिल्लीला, कलकत्त्याची मुंबईला. चहा पिऊन वैमानिक पुन्हा आपापल्या गावी, पहाटेपर्यंत परत. सगळा देश झोपलेला असताना नागपुरात चार दिशांची पत्रे एकमेकांना भेटत. सोलापूरहून आजीचे पत्र आले की अण्णा आधी टपालाचा शिक्का बघायचे आणि मग मजकूर. "बघ, तिसऱ्या दिवशी आलं," म्हणायचे. मजकूर बहुधा एकच असे: तब्येतीला जपा, पैसे पोचले, गणपतीला या.

आता प्लगकडे येतो.

1950 च्या सुमारास अण्णांनी कारखाना सोडला आणि एका खासगी विमान कंपनीत देखभालीच्या कामावर लागले. पगार वीस रुपयांनी जास्त होता. कंपनीचे आणि गावाचे नाव मी घेणार नाही. त्यात अर्थ नाही.

डाकोटाच्या एका इंजिनात चौदा सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. म्हणजे एका इंजिनाला अठ्ठावीस, विमानाला छप्पन्न. दोन प्लग का? तर ठिणगी देणारी मॅग्नेटो नावाची यंत्रेही दोन असतात, आणि एक बिघडले तर दुसऱ्याने निभावावे म्हणून. उड्डाणापूर्वी इंजिन जोरात चालवून पाळीपाळीने एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचे. इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात, ते चालते. फार कमी झाले तर समजायचे, कुठेतरी प्लग किंवा मॅग्नेटो नीट नाही.

1952 सालची गोष्ट. पहाटेचे विमान. उजव्या इंजिनाचे फेरे हवे त्यापेक्षा जास्त पडले. अण्णांनी पुन्हा बघितले. पुन्हा पडले. अण्णा म्हणाले, प्लग काढावे लागतील. प्रवासी येऊन बसले होते, त्यांत कोणी बडी असामीही होती. साहेब धावत आले. "दोन इंजिनं आहेत ना? आणि या इंजिनातही दुसरा मॅग्नेटो आहे ना? आल्यावर करा. सही करा आणि सोडा." विमान उडण्याजोगे आहे, असे लिहून फिटरची सही लागते. त्याशिवाय वैमानिक नेत नाही. अण्णांनी पेन खिशाला लावले ते लावलेच.

वैमानिक तरुण होता. तो खाली उतरून आला. त्याने अण्णांना एवढेच विचारले, "तुम्ही बसाल का यात?" अण्णा म्हणाले, "बसणार नाही, आणि कुणाला बसवणारही नाही." वैमानिकाने जाऊन प्रवाशांना उतरवले.

अडीच तास लागले. उजव्या इंजिनाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस प्लग काढले. त्यांत दोन-तीन काजळलेले निघाले, आणि एक हा, तडकलेला. नवे घातले, फेरे जागेवर आले, अण्णांनी सही केली, विमान गेले आणि सुखरूप पोचले.

दोन महिन्यांनी अण्णांना काटकसरीच्या नावाखाली कामावरून कमी केले. सामान घेऊन आम्ही बंगळूरला परत आलो. मी चार वर्षांचा होतो. मला आठवतो तो फक्त एक पत्र्याचा पेटारा आणि माझ्या आईचे मोकळे हात. तिच्या पाटल्या त्या सहा महिन्यांत गेल्या, त्या परत काही आल्या नाहीत. पुढे अण्णांना पुन्हा चांगली नोकरी लागली, आमची शिक्षणे झाली, सगळे झाले. पण पाटल्या नाही झाल्या.

आईने हा विषय कधी वाढवला नाही. एकदाच, मी कॉलेजात असताना, भाजी निवडता निवडता तिने विचारले, "अहो, तो प्लग बदलला नसता, तर पडलंच असतं का विमान?"

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नसतंही पडलं."

"मग?"

"मग काय? मला माहीत नव्हतं. माहीत नसताना सही कशी करायची?"

आई काही बोलली नाही. तिला ते पटले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पाटल्या तिच्या होत्या.

मित्रहो, मी या संवादावर आयुष्यभर विचार केला आहे. जे विमान पडते त्याची बातमी होते. नोव्हेंबर 1950 मध्ये एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आल्प्सच्या मों ब्लां शिखरावर आदळले आणि 48 माणसे गेली, ते जगाला माहीत आहे. पण जे विमान पडत नाही त्याची बातमी होत नाही. ज्याने ते पडू दिले नाही, त्याच्याजवळ पुरावाच नसतो. त्याच्या हातात राहतो एक तडकलेला प्लग, आणि लोक म्हणतात, एवढ्यासाठी?

आता एक कबुली देतो. व्यासपीठावरून द्यावी की नाही, हा प्रश्न आहे, पण समोर गणपती आहे, तेव्हा खोटे बोलवत नाही. बँकेत मी अधिकारी असताना एका कर्जाच्या प्रकरणात जागेवर जाऊन पाहणी केल्याचा अहवाल मी जागेवर न जाता सही करून दिला. मार्च अखेर होती, घाई होती, वरून फोन होता. पुढे काय झाले? काही नाही. कर्ज वेळेवर फिटले. कुणाचे नुकसान झाले नाही, कुणाला कळलेही नाही. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी शोकेसकडे बघायचे टाळले. अण्णा तेव्हा होते. पेपर वाचत बसले होते. त्यांनी विचारले, "आज उशीर?" मी म्हटले, "काम होतं." ते विमान पडले नाही, म्हणून माझी सही बरोबर ठरत नाही. एवढे मला त्यांच्यामुळे कळले. उशिरा कळले.

1 ऑगस्ट 1953 ला आठ खासगी कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. तिच्या वाट्याला शंभराच्या आतबाहेर विमाने आली, त्यांत 74 डाकोटा होते. त्यांतल्या काहींना अण्णांचे हात लागले असतील. 1957 मध्ये व्हायकाउंट विमाने आली, ढगांवरून जाणारी, आतल्या हवेचा दाब राखणारी, आणि डाकोटाचे दिवस मावळू लागले.

15 ऑक्टोबर 1982 रोजी, पन्नास वर्षे झाली म्हणून, 78 वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई हे उड्डाण एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. पेपरातला तो फोटो अण्णांनी कापून ठेवला होता. त्यानंतरच्या वर्षी मी अण्णांना मुंबईला विमानाने नेले. परीक्षण-उड्डाणात ते हत्यारांच्या पेटीवर बसून गेले असतील, पण तिकीट काढून, खुर्चीत बसून जायची ती त्यांची पहिली वेळ. हवाई सुंदरीने गोळ्यांचे ताट पुढे केले. त्यांनी एक घेतली आणि खिशात ठेवली. मग डोळे मिटून कान देऊन बसले. मी विचारले, "काय ऐकताय?" म्हणाले, "जेट आहे. काही कळत नाही यातलं." जरा वेळाने म्हणाले, "कुणीतरी बघितलं असेल."

त्या एका वाक्यावर आपण सगळे विमानात बसतो. कुणीतरी बघितलं असेल.

2022 च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, आणि त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेने भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत छोट्या विमानातून उड्डाण करून त्या पहिल्या प्रवासाची आठवण जागवली. नव्वद वर्षांनी जुहूला ती उतरली तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच मनात आले की हिचे इंजिन सकाळी कुणी तपासले असेल?

आता आटोपते घेतो. आरतीची वेळ झाली. जाता जाता एकच सांगतो. काल रात्री साडेअकराला मी इथून जात होतो. मांडव रिकामा होता. आपला एक कार्यकर्ता शिडीवर चढून रोषणाईच्या वायरींचे जोड एकेक करून हाताने तपासत होता, कारण दुपारी पाऊस पडून गेला होता. मी विचारले, "अरे, सकाळी बघ की." तो म्हणाला, "काका, पहाटे मुलं येतात फुलं घेऊन." मी त्याचे नाव सांगत नाही, तो लाजेल. पण उद्या कुणाला शॉक लागणार नाही, आणि कुणाला शॉक लागला नाही म्हणून कुणी त्याचा सत्कारही करणार नाही. कार्यकारिणीने मला आणलेला हा नारळ आणि शाल मी त्याला देऊन जाणार आहे. प्लग मात्र परत घरी नेणार. तो उसना आहे. पुढे नातीला द्यायचा आहे.



गणपती बाप्पा मोरया!